अमिगाच्या फाइलींपुढची आठ अक्षरं: प्रोटेक्ट कमांडचं परीक्षण

अमिगा या कमोडोर कंपनीच्या जुन्या संगणकावर शेल, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, उघडून लिस्ट कमांड दिली की फाइलचं नाव आणि लांबी यांच्या शेजारी आठ जागांचा एक रकाना येतो. कुठे अक्षर, कुठे नुसती आडवी रेघ. नव्या साध्या फाइलपुढे चार रेघा आणि मग आर, डब्ल्यू, ई, डी अशी अक्षरं असतात. सी: या कमांडींच्या फोल्डरमधल्या पुष्कळ कमांडींपुढे तिसऱ्या जागी पी दिसतो. एस: या फोल्डरमधल्या काही स्क्रिप्टींपुढे, म्हणजे आज्ञांची यादी असलेल्या मजकूर फाइलींपुढे, दुसऱ्या जागी एस असतो आणि ई ची जागा मात्र रिकामी. बहुतेकांची नजर या रकान्यावरून सरळ पुढे तारखेवर जाते. मग एखादी स्क्रिप्ट चालत नाही, एखादी फाइल पुसली जात नाही किंवा चांगली चालणारी मशीन अचानक गुरू मेडिटेशन हा तांबड्या चौकटीतला बिघाडाचा संदेश दाखवून कोसळते, आणि कारण या आठ अक्षरांतच दडलेलं असतं.

इथे परीक्षण आहे ते या बिटांचं, म्हणजे या आठ खुणांचं, आणि ते बदलणाऱ्या प्रोटेक्ट कमांडचं. आधाराला धरली आहे वर्कबेंच ३.१, म्हणजे अमिगाच्या सिस्टिमची कमोडोरच्या काळातली शेवटची आवृत्ती. २०२१ साली आलेल्या ३.२ मध्येही अक्षरं हीच आहेत, त्यामुळे खऱ्या मशीनवर असा की एम्युलेटरवर, म्हणजे पीसीवर अमिगाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, हिशेब तोच. आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत, कीबोर्डवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टंकायच्या.

डावीकडून क्रम असा: एच, एस, पी, ए, आर, डब्ल्यू, ई, डी. शेवटच्या चारांचा अर्थ तोंडावरच आहे: वाचणं, लिहिणं, चालवणं, पुसणं. आधीच्या चारांत एस म्हणजे स्क्रिप्ट, पी म्हणजे प्युअर (अर्थ पुढे येईल), ए म्हणजे आर्काइव्ह झालेली. एच चा घोळ वेगळाच आहे, त्याच्याकडे नंतर येऊ.

या आठांत दोन जाती आहेत आणि त्या एकाच रकान्यात कोंबल्या आहेत, ही या रचनेची खरी मेख. पहिली चार अक्षरं फाइलला चिकटवलेल्या चिठ्ठ्या आहेत: ही स्क्रिप्ट आहे, ही प्युअर आहे, हिचा बॅकअप झालाय. शेवटची चार परवानग्या आहेत. लिस्ट दोन्ही सारख्याच दाखवते, अक्षर दिसलं म्हणजे आहे आणि रेघ म्हणजे नाही. डिस्कवर मात्र त्या उलटसुलट नोंदल्या जातात. जुन्या आणि फास्ट अशा दोन्ही फाइल सिस्टिमींत प्रत्येक फाइलचा एक हेडर ब्लॉक असतो. ५१२ बाइटांच्या त्या ब्लॉकच्या शेवटापासून १९२ बाइट मागे एक ३२ बिटांचा आकडा असतो. त्यात डी ला १, ई ला २, डब्ल्यूला ४, आर ला ८, ए ला १६, पी ला ३२, एस ला ६४ आणि एच ला १२८ अशा किमती. वरच्या चारांत बिट १ असला की चिठ्ठी लागलेली. खालच्या चारांत बिट १ असला की परवानगी काढून घेतलेली.

म्हणजे सगळं मोकळं असलेल्या साध्या फाइलचा आकडा शून्य. नुसतं पुसणं बंद केलं तर १, लिहिणं आणि पुसणं दोन्ही बंद केलं तर ५. प्युअर चिठ्ठी लावलेल्या मोकळ्या कमांडचा आकडा ३२. एस लावलेल्या आणि ई काढलेल्या स्क्रिप्टचा ६४ अधिक २, म्हणजे ६६. ही उलटी मांडणी वेड्यासारखी वाटते, पण तिच्यामागे शहाणपण आहे. नवी फाइल तयार करताना कोणी काही भरलंच नाही, आकडा शून्यच राहिला, तरी फाइल वापरता येते. सुलट मांडणी असती तर तोच शून्य म्हणजे कोणालाच हात न लावू देणारी फाइल ठरली असती.

नुसत्या वापरणाऱ्याला हे माहीत नसलं तरी चालतं, प्रोग्राम लिहिणाऱ्याला चालत नाही. सेटप्रोटेक्शन या फंक्शनला आकडा थेट द्यावा लागतो, आणि ते आधीचे बिट राखत नाही, दिलेला आकडा जसाच्या तसा बसवतं. सगळ्या परवानग्या देऊ म्हणून १५ पाठवला की फाइल चारी बाजूंनी बंद. वर पी आणि एस होते तेही उडाले. बरोबर रीत अशी: आधी एग्झॅमिन या फंक्शनने सध्याचा आकडा घ्यायचा, हवा तेवढाच बिट त्यात बदलायचा आणि मग परत लिहायचा. पडद्यावर दाखवायचा असेल तर १५ शी एक्सॉर करून, म्हणजे खालचे चार बिट उलटवून, घ्यायचा, म्हणजे आठही बिट सुलटे वाचता येतात. गंमत पुढेच आहे. याच आकड्यात ८ ते १५ क्रमांकाच्या बिटांवर गट आणि इतर लोक यांच्यासाठी परवानग्या राखून ठेवल्या आहेत, आणि तिथे अर्थ पुन्हा सुलटा: १ म्हणजे परवानगी. फाइल सिस्टिम स्वतः ते बिट पाळत नाही, नेटवर्कवरच्या सॉफ्टवेअरसाठी ते ठेवलेले आहेत. एकाच आकड्यात दोन विरुद्ध रीती ठेवणाऱ्याला या बाबतीत गुण देता येणार नाहीत.

आता प्रोटेक्ट. वापरायला कमांड सोपी आहे: फाइलचं नाव, मग अक्षरं. अक्षरांआधी अधिक चिन्ह दिलं की ती जोडली जातात, वजा चिन्ह दिलं की काढली जातात. पुसण्यापासून वाचवायचं तर

प्रोटेक्ट वर्क:हिशेब -डी

आणि परत मोकळं करायचं तर +डी. चिन्हांऐवजी शेवटी ॲड किंवा सब हे शब्द लिहिले तरी तेच होतं. नावात #? हा, म्हणजे ‘काहीही’ या अर्थाचा, पॅटर्न चालतो, आणि २.० नंतरच्या आवृत्त्यांत शेवटी ऑल लिहिलं की आतल्या ड्रॉवरांपर्यंत, म्हणजे फोल्डरांपर्यंत, पोचतं.

खड्डा आहे तो चिन्हच न देण्यात. चिन्ह नसेल तर प्रोटेक्ट दिलेली अक्षरं तेवढीच ठेवते आणि बाकी सगळी काढते. स्क्रिप्टला एस हवा म्हणून कोणी

प्रोटेक्ट एस:बॅकअप एस

असं टंकलं, की लिस्टमध्ये दुसऱ्या जागी एस आणि पुढे सगळ्या रेघा. आकडा झाला ७९. आर गेला म्हणून शेलला स्क्रिप्ट वाचता येत नाही, डब्ल्यू गेला म्हणून एडिटरला ती साठवता येत नाही, डी गेला म्हणून पुसताही येत नाही. प्रोटेक्ट यावर चकार शब्द काढत नाही, कारण तिच्या लेखी सांगितलं तेच झालं. उपाय साधा, +आरडब्ल्यूडी दिलं की फाइल परत ताळ्यावर येते. तरी एका चिन्हाच्या चुकीला एवढी मोठी शिक्षा नको होती. उलट बाजूने पाहिलं तर बिटांची अवस्था कळेनाशी झाली असेल तेव्हा हीच रीत कामाला येते: चिन्हाशिवाय आरडब्ल्यूईडी दिलं की जुनं सगळं जाऊन फाइल नव्यासारखी.

परवानग्यांत रोजच्या उपयोगाचा म्हणजे डी. तो काढलेला असला की डिलीट कमांड फाइल पुसण्यापासून संरक्षित असल्याचं सांगून नकार देते. प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी हाच एरर क्रमांक २२२. लिहिण्याच्या बंदीचा २२३, वाचण्याच्या बंदीचा २२४. अमिगाडॉसच्या, म्हणजे अमिगाच्या सिस्टिममधल्या फाइली सांभाळणाऱ्या भागाच्या, अगदी सुरुवातीच्या आवृत्त्यांत डी सोडून बाकी परवानग्या फारशा पाळल्याच जात नसत, त्यामुळे जुन्या पुस्तकांत आर आणि डब्ल्यू निरुपयोगी असल्याचं लिहिलेलं सापडतं. आता ते खरं नाही.

डी काढला म्हणून आतला मजकूर वाचला, असं मात्र समजू नये. डब्ल्यू शाबूत असेल तर फाइल उघडून तिच्यात लिहिता येतंच. महत्त्वाच्या फाइलचे दोन्ही काढावेत: -डब्ल्यूडी. दुसरी चूक याहून जास्त होते. वर्कबेंचवर, म्हणजे आयकॉनांच्या पडद्यावर, एक फाइल दिसते, डिस्कवर त्या दोन असतात: मूळ फाइल आणि तिच्या आयकॉनची डॉट इन्फो फाइल. शेलमधून मूळ फाइलला लावलेली बंदी आयकॉनच्या फाइलला लागत नाही. डिलीट हिशेब#? असं दिल्यावर मजकूर राहतो, आयकॉन जातो, आणि वर्कबेंचच्या खिडकीतून फाइल गायब झालेली दिसते. पॅटर्नमध्ये टक्क्याचं चिन्ह रिकाम्या मजकुरासाठी चालतं, म्हणून

प्रोटेक्ट वर्क:हिशेब(%|.इन्फो) -डी

एवढ्याने दोन्ही फाइली एकदम बांधल्या जातात. ड्रॉवरच्या बाबतीत तर अपेक्षा आणखी कमी ठेवा. ड्रॉवरचा डी काढला तर ड्रॉवर तेवढा वाचतो, आतल्या फाइलींना त्याचा आडोसा मिळत नाही, आणि त्यात नवी फाइल टाकायलाही कोणी अडवत नाही. आतल्या प्रत्येकीचा डी वेगळा काढावा लागतो. त्यातही डिलीट कमांडला २.० च्या पिढीपासून फोर्स असा स्विच आहे, तो दिला की डी ची बंदी ती जुमानतच नाही. जुन्या स्क्रिप्टी नव्या मशीनवर आणताना त्यात हा शब्द कुठे बसवलाय का, हे आधी शोधावं.

ई बद्दल फार सांगण्यासारखं नाही. तो फक्त शेल पाहतो, फाइल सिस्टिम त्याच्या वाटेला जात नाही. ई काढलेल्या फाइलचं नाव शेलमध्ये टंकलं की ती चालवण्याजोगी नसल्याचा संदेश येतो, एवढंच.

एस हा या आठांतला सर्वांत सुखाचा बिट. तो लावला की स्क्रिप्टच्या आधी एग्झिक्यूट लिहावं लागत नाही, नुसतं नाव टंकलं की चालते. आत काय होतं, तर शेलला कळतं की ही खरी कमांड नाही, पण एस लागलेला आहे, मग तो स्वतःच एग्झिक्यूटला हाक मारतो. म्हणून एग्झिक्यूट सी: मध्ये सापडली पाहिजे. फ्लॉपीवर जागा वाचवायला ती काढून टाकली असेल तर एस असूनही काही होत नाही. आर लागतो, ई लागत नाही, ६६ हा आकडा त्यातूनच येतो. स्क्रिप्टची सुरुवात तिरकी रेघ आणि तारा या, एआरेक्स नावाच्या स्क्रिप्ट भाषेतल्या टिप्पणीच्या खुणेने होत असेल तर नव्या शेलमध्ये एस लागलेली फाइल एआरेक्सकडे जाते. एस विसरला तर ई नसल्यावर येतो तोच संदेश दिसतो, आणि तिथे लोक हमखास फसतात. संदेश वाचून माणूस ई लावत बसतो, खरं तर हवा असतो एस. स्टार्टअप-सिक्वेन्सला मात्र एस ची गरज नाही, मशीन सुरू होताना ती सिस्टिमच थेट चालवते.

आता पी, म्हणजे या यादीतला सर्वांत उपयोगी आणि सर्वांत घातक बिट. एका फ्लॉपीवर चालणाऱ्या मशीनमध्ये प्रत्येक कमांड डिस्कवरून येते. दुसरी डिस्क घातलेली असेल तर दर वेळी वर्कबेंचची डिस्क घाला म्हणून खिडकी उभी राहते. त्यावर तोडगा रेसिडेंट कमांडचा: ती दुसऱ्या कमांडला एकदाच मेमरीत आणून ठेवते आणि मग कितीही वेळा, कितीही शेलमधून, तीच प्रत चालते. डिस्कची कटकट संपते आणि मेमरीही वाचते, कारण चार शेल उघडे असले तरी प्रत एकच. पण एकच प्रत एकाच वेळी दोन ठिकाणी चालायची तर त्या प्रोग्रामने स्वतःच्या आत काहीही बदलून ठेवता कामा नये. त्याचे चल राशींचे कप्पे प्रत्येक वेळी नव्याने घेतलेले हवेत, आणि दुसऱ्यांदा चालताना पहिल्या वेळचा कचरा सापडता कामा नये. असा प्रोग्राम म्हणजे प्युअर.

पी हा बिट ही हमी देतो असं वाटतं, पण तो फक्त तसा दावा करतो. रेसिडेंट पी पाहते, नसेल तर प्युअर बिट लावलेला नसल्याचं सांगून नकार देते. पी असेल तर डोळे झाकून विश्वास ठेवते. प्रोग्राम खरोखर प्युअर आहे की नाही, हे तपासायचं साधन तिच्याकडे नाही. प्युअर किंवा फोर्स असा शब्द पुढे लिहिला तर ती पी नसतानाही घेते. अप्युअर प्रोग्रामला हौसेने पी लावून रेसिडेंट केलं की पहिल्यांदा सगळं ठीक चालतं, आणि हाच खरा धोका. दुसऱ्यांदा चालवताना आधीच्या फेरीत भरलेले आकडे तसेच सापडतात. दोन शेलमधून एकदम चालवलं तर एकाचे पॉइंटर, म्हणजे मेमरीतले पत्ते, दुसरा पुसतो. अमिगात प्रोग्रामांना एकमेकांच्या मेमरीपासून दूर ठेवणारी भिंत नाही, त्यामुळे फटका नेहमी त्याच प्रोग्रामला बसेल असंही नाही. मग तांबडी चौकट लुकलुकते आणि दोष भलत्याच प्रोग्रामवर येतो. सिस्टिमसोबत आलेल्या ज्या कमांडींना पी आहे त्या निर्धास्त रेसिडेंट कराव्यात. बाहेरच्या प्रोग्रामच्या माहितीपत्रकात प्युअर असल्याचं स्पष्ट लिहिलं असेल तरच लावावा. स्वतः सी मध्ये लिहिणाऱ्यांसाठी एसएएस कंपायलरमध्ये सीरेस नावाचं वेगळं स्टार्टअप मोड्यूल आहे, ते चालण्याच्या प्रत्येक फेरीसाठी डेटाची नवी प्रत काढतं. नेहमीचं स्टार्टअप लावून बांधलेल्या प्रोग्रामला वरून पी चिकटवून काही साधत नाही.

ए बिट पीसीवरच्या एमएस-डॉसची सवय असलेल्याला हमखास चकवतो. तिकडे ए लागला म्हणजे फाइल बदलली, बॅकअप बाकी आहे. इकडे ए लागला म्हणजे बॅकअप झाला. बॅकअप प्रोग्राम तो लावतो आणि फाइलमध्ये कोणी लिहिलं की फाइल सिस्टिम तो आपोआप काढते. कल्पना उत्तम, कामही चोख. हाताने त्याला शिवू नये, नाहीतर पुढच्या बॅकअपमधून ती फाइल गुपचूप वगळली जाईल.

एच चा अर्थ मात्र कोणाला विचारता त्यावर आहे. जुन्या पुस्तकांत तो हिडन, म्हणजे लपवलेली फाइल, आणि काही बाहेरचे फाइल मॅनेजर तो तसाच वाचून फाइल दाखवत नाहीत. लिस्टला मात्र त्याचं काही नाही, ती फाइल दाखवतेच. नंतर त्याला होल्ड हा अर्थ मिळाला: एच आणि पी दोन्ही असतील तर कमांड पहिल्यांदा चालल्यावर आपोआप मेमरीत मुक्काम करते. एका अक्षराला दोन अर्थ, तेही एकमेकांशी संबंध नसलेले. फाइल लपवायला तो वापरू नये, आणि रेसिडेंटसाठी स्टार्टअपमध्ये स्पष्ट ओळ लिहिणं जास्त खात्रीचं.

माउसवाल्यांसाठी वर्कबेंचच्या आयकॉन्स मेनूत इन्फर्मेशन आहे, उजव्या अमिगा कीसोबत आय. तिथे खुणा करायला सहाच चौकोन मिळतात: स्क्रिप्ट, आर्काइव्ह, वाचणं, लिहिणं, चालवणं, पुसणं. पी आणि एच तिथे नाहीतच. पी सारखं धोकादायक हत्यार नवख्याच्या हाती पडू नये म्हणून तो वगळला असेल तर ठीक, पण आहे की नाही एवढं तरी दाखवायला हरकत नव्हती. त्यासाठी शेल उघडावाच लागतो.

संरक्षण हा शब्द ऐकून सुरक्षेची अपेक्षा ठेवली तर मात्र पदरी निराशा. अमिगा एकाच माणसाची मशीन आहे, इथे पासवर्ड नाही की मालक नाही. ज्याच्या हातात कीबोर्ड त्याला +डी टंकता येतं. फॉरमॅट तर कोणत्याच बिटाला विचारत नाही. १९८७ च्या एससीए व्हायरससारखे बूटब्लॉकमध्ये बसणारे व्हायरस डिस्कच्या पहिल्या दोन सेक्टरांत असतात, तिथे फाइलच नाही तर फाइलचे बिट काय करणार? फ्लॉपीसाठी खरं संरक्षण म्हणजे कोपऱ्यातली सरकपट्टी: भोक उघडं असेल तर ड्राइव्ह लिहीतच नाही. हार्ड डिस्कसाठी लॉक कमांड आहे. लॉक वर्क: ऑन आणि पुढे हवी तर चार अक्षरी किल्ली, की ते सगळं पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं उरतं. हे फास्ट फाइल सिस्टिमवरच चालतं, आणि मशीन पुन्हा सुरू केली की बंदी उठते. अनोळखी प्रोग्राम पहिल्यांदा चालवण्याआधी शेकडो फाइलींचे डी काढत बसण्यापेक्षा हा उपाय केव्हाही बरा.

आज बिटांचं सर्वांत जास्त नुकसान होतं ते प्रवासात. पीसीच्या फॅट फाइल सिस्टिमच्या कार्डावरून किंवा पेन ड्राइव्हवरून फाइली आणल्या की एस, पी आणि फाइलवरची टीप गळून पडते, कारण तिकडे ती नोंदवायला जागाच नाही. पीसीवर आर्काइव्ह, म्हणजे एकत्र बांधलेल्या फाइलींचा गठ्ठा, उलगडून मग फाइली अमिगाकडे नेल्या तरी तीच गत. इन्स्टॉलर चालत नाही ही तक्रार बहुतेक वेळा इथेच संपते, त्याच्या स्क्रिप्टचा एस वाटेत गेलेला असतो. एलएचए या प्रोग्रामने बांधलेलं आर्काइव्ह अखंड नेऊन अमिगातच उलगडावं, आणि बांधताना बिट जपणारा -ए हा स्विच द्यावा. एम्युलेटरमध्ये पीसीवरचाच फोल्डर ड्राइव्ह म्हणून जोडला असेल तर बिट दुसरीकडे साठवले जातात. एफएस-यूएई हा एम्युलेटर प्रत्येक फाइलशेजारी डॉट यूएईएम नावाची छोटी मजकूर फाइल ठेवतो. तिच्यात तीच आठ अक्षरं, तारीख आणि टीप साध्या एडिटरने वाचता येते. विनयूएई हा दुसरा एम्युलेटर त्यासाठी यूएईएफएसडीबी नावाची नोंद ठेवतो. फोल्डर साफ करताना कचरा समजून या फाइली उडवल्या, की सगळे एस आणि पी गेलेच.

ते परत आणायला सी: मधल्या सगळ्यांना एकदम +पी लावायचा मोह होतो. तिथल्या सगळ्या कमांडी प्युअर नसतात, त्यामुळे तो आवरावा. मूळ वर्कबेंच डिस्क घालून कॉपीने सी: आणि एस: परत आणावेत. कॉपी बिट आपोआप सोबत नेते, नोप्रो लिहिलं तरच ती ते सोडते. तारखा आणि टिपाही हव्या असतील तर शेवटी क्लोन लिहावं. एस: आणताना स्वतःची यूझर-स्टार्टअप, म्हणजे मशीन सुरू होताना चालणारी तुमच्या आज्ञांची स्क्रिप्ट, आधी बाजूला काढून ठेवावी. मूळ डिस्कवर त्या नावाची फाइल निघाली तर कॉपी काही न विचारता तुमची पुसून तिची जागा घेईल.